गिरणीपर्यंतचा रस्ता

"मी तुझ्या घरी जेवायला यायचं म्हटलं तर कशी येऊ? एसटीतून उतरल्यापासून सांग."

परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी बायकांना हा प्रश्न विचारला गेलेला आहे. त्या वेळी त्या ऑपरेशनच्या टेबलावर उताण्या पडलेल्या असत, छातीखालचं अंग बधिर झालेलं असे आणि तोंडासमोर हिरवा पडदा लावलेला असे. पडद्याच्या पलीकडे डॉक्टर पोट उघडून बाळ बाहेर काढत असत. अलीकडे, बाईच्या डोक्यापाशी, एका स्टुलावर सरोज मॅडम बसलेल्या असत आणि रस्ता विचारत असत.

मॅडम भूलतज्ज्ञ होत्या. आमच्याकडे म्हणतात तसं, भुलीच्या डॉक्टरीण. मी त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत राहून कॉलेज करत होते. त्यांच्यावर मी लिहावं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. मी बी.ए.ला आहे, वैद्यकातलं मला काही कळत नाही, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिलेलं बरोबर की चूक हे घरी कुणाला विचारायचीही सोय नाही. पण मॅडम आता परभणीत नाहीत. त्यांच्याबद्दल इथं कुणी काही लिहील असंही वाटत नाही, कारण बाळंतीण घरी गेली की ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव सगळ्यांना पाठ असतं, भूल कुणी दिली ते कुणालाच माहीत नसतं.

पहिल्या दिवशी खोली दाखवताना त्यांनी मला विचारलं, "स्वयंपाक येतो?"

"येतो."

मला वाटलं, आता कामं सांगणार. तर म्हणाल्या, "माझ्यासाठी करायचा नाही. तुझा तू कर आणि वेळेवर खा. या घरात वेळेवर खाणारं एक तरी माणूस पाहिजे."

माझं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलं, पण वापरलं कधीच नाही. त्या मला 'कॉलेज' म्हणायच्या. "कॉलेज, दाराला कडी लाव." "कॉलेज, आज तोंड का उतरलंय?" सुरुवातीला मला ते टोचायचं. नंतर कळलं की आमच्या गल्लीत त्यांनी कुणालाच नावानं ठेवलेलं नव्हतं. समोरचे निवृत्त गुरुजी 'हजेरी' होते आणि दूधवाला 'पाणी'.

मॅडम ठेंगण्या आणि अंगानं भरलेल्या होत्या. सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट, हा त्यांचा बारमाही वेश. परभणीत भुलीचे डॉक्टर थोडे आणि प्रसूतिगृहं जास्त, म्हणून त्या या दवाखान्यातून त्या दवाखान्यात स्कूटीवर फिरायच्या, कधी गाडी काढून पाथरीला किंवा पूर्णेला जायच्या. फोन आला की त्यांचे प्रश्न ठरलेले. वजन किती, बीपी किती, बाळाचे ठोके किती. आणि शेवटी, "घरच्यांना बाहेर बसवून ठेवा. मला त्यांच्याशी बोलायचंय." ताटावरून उठताना त्या अर्धी भाकरी तशीच ठेवायच्या. परत आल्यावर ती कडक झालेली भाकरी बघून म्हणायच्या, "हिला कुणी भूल दिली?"

एक सवय मला फार दिवस उमगली नाही. चहाचा कप त्या दोन्ही हातांत धरून बसायच्या आणि चहा प्यायच्याच नाहीत. गार झाला की कडेला ठेवून द्यायच्या. मी एकदा भीतभीत विचारलं, "मॅडम, चहा चांगला झाला नाही का?"

"चहा प्यायला कोण घेतंय? हात गरम करायला घेते. मोजे घालायच्या आधी मी बाईच्या पाठीवरून हात फिरवते, मणके चाचपते. थंड हात लागला की ती दचकते. आधीच घाबरलेली असते बिचारी, आणि मग मलाही लांबची समजते."

त्यांचे वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत खलाशी, म्हणजे साधे मजूर, होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये त्या वाढल्या. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या खाली वडिलांचा जुना हातकंदील, घासून पुसून ठेवलेला. त्यांच्या बोलण्यात रेल्वे सारखी यायची. एकदा मी म्हणाले, "सगळं श्रेय ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना मिळतं, तुम्हाला वाईट वाटत नाही का?"

त्या हसल्या. "गाडी कोण चालवतं ते सगळ्या गावाला माहीत असतं. गार्डाचा डबा शेवटी. त्याला कोण बघतंय? पण त्यानं हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, कॉलेज. मला तेवढं पुरे."

मॅडम तोंडानं फटकळ होत्या. दवाखान्यातल्या नर्स त्यांना टरकून असायच्या. लग्नाला, बारशाला कुणी बोलावलं तर जायच्या नाहीत, आणि न जाण्याचं कारणही द्यायच्या नाहीत, त्यामुळे गल्लीत त्यांना शिष्ट म्हणणारे पुष्कळ होते. मीही पहिले काही महिने तसंच समजत होते. एके दिवशी भाजी आणायला त्यांच्याबरोबर बाजारात गेले आणि माझं मत बदललं.

वांगी घेताना मॅडम विकणारीशी वाद घालत होत्या. "ही किडकी निघाली तर तुझ्याच टोपलीत आणून टाकीन." शेजारी एक बाई लेकराला कडेवर घेऊन मिरच्या निवडत होती. तिचे हात थांबले.

"ओ बाई, जरा परत बोला की."

"काय बोलू?"

"काय बी बोला."

"काय बी बोलायला मी काय रेडिओ हाय का?"

तशी ती बाई ओरडलीच, "तुमीच की ओ त्या! डोस्क्यापाशी बसलेल्या! मला आमच्या घरचा रस्ता विचारलेल्या!"

तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी. तिनं मॅडमचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. आवाजावरून ओळखलं. मॅडमनी तिच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मानवतच्या पुढं. तुमच्या शेताच्या अलीकडं पूल पडलेला होता. झाला का नीट?"

"कुठला, बाई! अजून तसाच हाय. म्हणून आला न्हाईत का तुमी जेवायला?"

"येणार आहे."

"आलात बी!" ती हसत म्हणाली आणि मूठभर मिरच्या मॅडमच्या पिशवीत टाकून गेली.

घरी येताना मी विचारलं, रस्ताच का विचारता? मॅडमनी गाडी चालवता चालवता समजावून सांगितलं, तेव्हा त्यांचं एरवीचं तिरकस बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. पाठीत भूल दिली की बाईचं बीपी एकदम उतरू शकतं. तिला मळमळतं, जीभ जड होते. बीपीचं मशीन थांबून थांबून आकडा दाखवतं, पण बोलणारी बाई लगेच सांगते. "आपल्या घरचा रस्ता प्रत्येकीला पाठ असतो. जे पाठ आहे ते चुकायला लागलं की मी औषध हातात घेते. शिवाय घराच्या रस्त्यानं चाललेलं माणूस कमी घाबरतं."

त्यांना असे शेकड्यांनी रस्ते माहीत होते. कुठल्या वस्तीआधी बाभळीचं बन लागतं, कुठल्या शाळेचं फाटक मोडलंय. त्यातल्या एकाही रस्त्यानं त्या गेलेल्या नव्हत्या.

दुसरा प्रश्न त्या घरच्यांना विचारायच्या, आणि त्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली.

भूल देण्याआधी पोट रिकामं आहे का, हे कळावं लागतं. पूर्ण झोपवलेल्या माणसाच्या पोटातलं अन्न वर आलं तर ते श्वासाबरोबर फुप्फुसात जातं. बाळंतिणीला हा धोका जास्त. मॅडम नवीन असताना त्यांनी एका बाईच्या घरच्यांना विचारलं होतं, "काही खाल्लंय का हिनं?" सगळे एका सुरात म्हणाले, "न्हाई." त्यांना वाटलं, हो म्हटलं तर ऑपरेशन करणार नाहीत, पुढच्या गावाला पाठवतील. त्या बाईचं बाळ वाचलं. बाई वाचली नाही.

"मी नंतर त्यांच्यावर चिडले," मॅडम म्हणाल्या. "किती वर्षं चिडलेली होते. मग एकदा लक्षात आलं, त्यांनी खोटं सांगितलं हे खरं, पण मी प्रश्नच असा विचारला होता की त्याला खरं उत्तर देणं त्यांच्यानं झालं नाही. आपल्याकडं पाहुण्याला जेवलास का विचारलं तर उपाशी माणूसही हो म्हणतो. दवाखान्यात विचारलं तर भरल्या पोटाचा नाही म्हणतो. दोन्हीकडं भीडच."

तेव्हापासून 'खाल्लंय का' हा प्रश्न त्यांनी सोडून दिला. त्याऐवजी काय विचारायच्या, हे मला माझ्या बहिणीच्या वेळी दिसलं.

अक्का पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आलेली होती. आमचं घर बोरीच्या पुढे, एका वस्तीवर. सकाळपासून कळा येत होत्या. जवळच्या दवाखान्यातून दुपारी तिला परभणीला पाठवलं, कारण बाळाचे ठोके कमी व्हायला लागले होते. मायचा फोन आला आणि मी कॉलेजातून तशीच धावत त्या प्रसूतिगृहात गेले. पायऱ्यांपाशी स्कूटी उभी होती. मॅडम आत शिरत होत्या.

"कॉलेज, तू इथं?"

"माझी अक्का..." 

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "आई कुठाय?" एवढंच विचारलं.

माय काकूबरोबर बाकड्यावर बसलेली होती. नर्सनं त्यांना आधीच विचारलं होतं आणि दोघींनी सांगितलं होतं, सकाळपासून पोटात काही नाही. मॅडम मायच्या शेजारी बसल्या.

"मावशी, निघायच्या आधी घरी काय केलं होतं?"

"काही न्हाई, बाई," माय म्हणाली.

"पाणी सुदीक न्हाई दिलं," काकूनं जोड दिली.

"अस्सं?" मॅडम म्हणाल्या. "माझ्या वेळेला तर आईनं शेवयांची खीर केली होती. तूप असं वर तरंगत होतं. म्हणाली, लेकरू अलगद घसरून येतं."

मायनं मान वर केली. "घसरतंच की, बाई! तूप हात राखून घालायचं नसतंय. म्या तर वाटीभर..."

आणि ती थांबली. काकूनं पदर तोंडाला लावला. 

"कधी दिली, मावशी?" मॅडमचा आवाज तसाच होता.

"निघताना," माय रडायला लागली. "अंगात ताकद कुठून यायची ओ तिच्या? मला वाटलं, खाल्लंय म्हटलं तर परत धाडतेत..."

मॅडमनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "कुणी परत धाडत नाही. आत्ता सांगितलंत, लय चांगलं केलंत." आणि त्या उठल्या.

मी त्यांच्या मागोमाग शिरले. आत वेगळाच गोंधळ होता. अक्का टेबलावर बसून ओरडत होती, "पाठीत सुई न्हाई! मला पुरी भूल द्या!" तिच्या जावेनं तिला सांगून ठेवलं होतं, पाठीतल्या सुईनं जन्माची कंबर जाते. तिनं माझा हात पकडला आणि सोडेना, म्हणून मी टेबलापाशीच अडकून राहिले. डॉक्टर हात धुऊन उभे होते. ठोके आणखी खाली येत होते.

"मॅडम, वेळ नाही. झोपवून टाका तिला," ते म्हणाले.

"पोट भरलेलं आहे, सर. आताच खीर खाल्लेली आहे. दुसरा काही इलाज उरला नाही तरच झोपवीन. मला थोडं बोलू द्या."

"मॅडम, बाळ..."

"ऐकू येतायत ठोके मला."

त्यांनी नर्सला पोटातलं आम्ल मारायचं कसलंसं औषध अक्काला पाजायला सांगितलं, आणि आपलं तोंड अक्काच्या तोंडाजवळ नेलं. मास्क खाली ओढला. "माझ्याकडं बघ. कंबर दुखेल का? सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकेल. डोकं दुखू शकतं, त्याला औषध आहे. मी खोटं सांगत नाही. जन्मभर कंबर दुखते ती पाणी वाहून आणि खुरपून. पण तुला पुरी भूल दिली आणि मायनं दिलेली खीर वर आली, तर ती छातीत जाईल. त्याला मी भिते. तू पण भी."

अक्काचं ओरडणं थांबलं. "म्या मरणार न्हाई ना?"

मॅडम पटकन 'नाही' म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मी तुझ्या डोक्यापाशी बसणार आहे. बाळ होऊन तुला बाहेर नेईपर्यंत उठणार नाही."

अक्कानं माझा हात सोडला. "बसू कशी?"

"चुलीपाशी फुंकणीनं फुंकतेस ना, तशी. पाठ वाकव. हां, विस्तव विझलाय, फुंक आता."

मी बाहेर आले आणि दार बंद झालं. पुढचं मला अक्कानं सांगितलेलं आहे.

पाठीवर गरम हात फिरला. सुई मुंगीसारखी चावली. पायांत ऊब चढत गेली आणि पाय आपले राहिले नाहीत. मग डोक्यामागून आवाज आला, "मी तुझ्या घरी जेवायला यायचं म्हटलं तर कशी येऊ? बोरीच्या स्टँडवर उतरले. पुढं?"

अक्काला वाटलं, या बाईला वेड लागलंय. पण ती सांगायला लागली. स्टँडवरून उजव्या हाताला. मग चिंचेची झाडं. मग ओढा. ओढ्यापाशी तिची जीभ जड झाली. "ओढ्यावरून... ओढ्यावरून..." म्हणत राहिली, डोळ्यांपुढे अंधारलं. मागे काहीतरी झटपट हललं, सलाईनमध्ये औषध गेलं.

"ओढ्याला पाणी आहे का गं?"

"न्हाई... कोरडा हाय."

"मग ये की अलीकडं. बसलीस कशाला तिथं?"

अक्काचे डोळे उघडले. ओढा ओलांडला. मग शाळा. मग पिठाची गिरणी. "गिरणीपासून..." ती म्हणाली आणि पोटावरचं सगळं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं.



"गिरणीपासून कुठं?" मॅडम म्हणाल्या.

"बाई, लेकरू रडंना का?"

मॅडमनी अक्काच्या कपाळावर हात ठेवला. अक्का सांगते, तो हात तेव्हा गार होता.

आणि मग लेकरू रडलं. बाहेर बाकड्यावर ते आम्हालाही ऐकू आलं. माय एकदम उभी राहिली आणि परत खाली बसली. मुलगी झाली होती. गिरणीच्या पुढचा रस्ता सांगायचा राहून गेला.

पेढे आले, डॉक्टरांना दिले. मायनं एक पेढा पदराच्या टोकाला बांधून मॅडमना शोधलं, पण अक्काला खाटेवर नीट झोपवून त्या दुसऱ्या दवाखान्यात गेल्या होत्या. संध्याकाळी मी तो पेढा घरी घेऊन गेले. मॅडम पायरीवर बसलेल्या होत्या.

"चहा दे, कॉलेज. हात गार पडलेत."

मी चहा दिला. त्यांनी कप धरला. जरा धीर करून मी म्हणाले, "तुमच्या आईनं खरंच खीर केली होती?"

"माझी आई मी लहान असतानाच गेली. माझ्या वेळेला कोण करणार?" कपाकडे बघत त्या म्हणाल्या. "असती तर केलीच असती ना पण."

दुसऱ्या वर्षी मॅडम एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला म्हणून परभणी सोडून जायला निघाल्या. "नव्या पोरांना औषधं सगळी पाठ असतात. बाकड्यावर बसायचं कसं, ते शिकवते," असं म्हणाल्या. मी तेव्हा सुट्टीत वस्तीवर होते. नागपंचमीसाठी अक्काही माहेरी आलेली होती. सकाळी फोन वाजला.

"कॉलेज, मी गिरणीपाशी उभी आहे. इथपर्यंतचा रस्ता मला माहीत होता. पुढचा तुझ्या बहिणीनं सांगितलेला नाही."

अक्कानं ते माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं असावं. लेकीला कडेवर मारून ती अनवाणी निघाली. मी मागे. गिरणीच्या पत्र्याच्या सावलीत मॅडम गाडीला टेकून उभ्या होत्या, साडी आणि कॅनव्हासचे बूट. अक्का त्यांच्यापुढे जाऊन थांबली. तिला धाप लागली होती.

"गिरणीपासून डाव्या हाताला, बाई."

"पुढं?"

"पुढं हापसा लागतो. त्याला पाणी येत न्हाई."

"मग?"

गाडी तिथंच सोडून त्या दोघी चालायला लागल्या. आमचं घर गिरणीवरून दिसतं. तरी अक्का एकेक खूण सांगत होती, आणि मॅडम लेकीचा पाय हातात धरून, नवीनच काही ऐकत असल्यासारख्या "पुढं?" म्हणत होत्या.

दारात माय उभी.  तिनं विचारलं, "काही खाऊन निघाला का, बाई?"

मॅडमनी गंभीर चेहरा केला. "काही न्हाई, मावशी. सकाळपासून पाणी सुदीक न्हाई."

माय आधी दचकली, मग काकूच्या अंगावर पडून हसली.

खीर झाली. तूप वर तरंगत होतं. मॅडमनी वाटी नेहमीसारखी दोन्ही हातांत धरली आणि तशाच बसून राहिल्या. मला वाटलं, आता ही गार होणार आणि कडेला जाणार. पण चहाची गोष्ट मी अक्काला सांगितलेली होती.

"हात शेकायला न्हाई दिली, बाई," अक्का म्हणाली. "खा."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली तेव्हा ती रिकामी होती.